शेवटच्या लाँचचा केर

आमच्या घरातलं कुणी गावाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढत नाहीत. पूर्वी पुष्कळ घरांत हे पाळायचे, अजूनही कुठे कुठे पाळतात. आमच्याकडे मात्र ते जरा जास्तच कडक होतं. मी वाशीला नोकरीला होते तेव्हा सोमवारी पहाटेच्या एसटीनं निघायचे आणि ऑफिसच्या जिन्यात पाऊल टाकलं की आईला मेसेज करायचे, 'काढ.' एवढा एकच शब्द. एकदा शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं तो वाचला आणि विचारलं, "काय काढ?" मी म्हटलं, "काही नाही." मामाकडे राहून अलिबागच्या इंग्रजी शाळेत शिकताना मला एवढी एक सवय लागली होती, की घरातलं घरात ठेवायचं.

पण हे आता सांगायला हरकत नाही.

आमचं गाव खाडीच्या तोंडावर आहे. आज जो येतो तो माणगावकडून रस्त्यानं येतो. त्याला आधी स्टँड दिसतो, मग पेट्रोलपंप, मग लॉजच्या पाट्या. गाव बांधलं तेव्हा मात्र ते समुद्राकडे तोंड करून बांधलं होतं. कस्टमची चौकी, सुपारीची कौलारू गोदामं, धर्मशाळा, या सगळ्या जुन्या इमारतींची दारं बंदराकडे आहेत. त्यामुळे एसटीनं येणाऱ्याला आधी त्यांच्या पाठी दिसतात, मोऱ्या दिसतात, उकिरडे दिसतात. बाबा म्हणायचे, "आपण हल्ली पाहुण्यांना परसातून घरात घेतो."

धर्मशाळा बांधली ती गुजरातेकडून सुपारी घ्यायला येणाऱ्या एका व्यापाऱ्यानं. का बांधली याच्या दोन गोष्टी होत्या. एक अशी की त्याच्या पोटुशी बायकोला बोटीची वाट बघत भर उन्हात वाळूवर बसून राहावं लागलं, आणि त्याला ते सहन झालं नाही. दुसरी अशी की तो स्वतः वादळात सापडला आणि नवस बोलला. बाबांना पहिली गोष्ट आवडायची. आमच्या शेजारी राहणाऱ्या कोळीण मावशीला दुसरी. "बायकोसाटी कोन येवडा खर्च करतंय?" असं ती म्हणायची.

जांभ्याच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे सागवानी खांबांची लांब ओसरी, आत दोन मोठ्या खोल्या, त्यातली एक बायकांची. दारावर एक दगड होता. त्यावर अर्धं गुजरातीत आणि अर्धं मराठीत काही कोरलेलं होतं, पण खाऱ्या वाऱ्यानं अक्षरं इतकी खाल्ली होती की दोन्ही भाषा सारख्याच दिसायच्या. मागच्या बाजूला राखणदाराची खोली आणि एक विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी त्या विहिरीचं पाणी गोड होतं. आजोबा त्या धर्मशाळेचे राखणदार होते. ते लवकर गेले आणि काम आजीकडे आलं. बाबांचा जन्म त्या मागच्या खोलीतला.

आजीला मी पाहिलेलं नाही. लाँचही मी पाहिलेली नाही. जे आहे ते बाबांकडून आणि मावशीकडून ऐकलेलं.

मुंबईची लाँच भरतीवर अवलंबून असायची, म्हणून ती अमुक वाजता सुटेल असं कुणी छातीठोक सांगत नसे. आतल्या गावांतली माणसं आदल्या दिवशीच निघायची, कुणी बैलगाडीनं, कुणी डोक्यावर बोचकं घेऊन पायी. वाटेतली खाडी तरीनं ओलांडायची आणि धर्मशाळेत पथारी टाकायची. तांदळाची पोती, सुकी मासळी, कोंबड्या, नवी नवरी, कोर्टाच्या कामाला निघालेले भाऊ, गिरणीत चिकटायला चाललेली पोरं, सगळी एका छपराखाली. ओहोटीला लाँच दूर उभी राहायची. मग तिच्यापर्यंत पडाव, म्हणजे मोठ्या उघड्या होड्या, न्यायचे आणि पडावापर्यंतच्या चिखलातून कोळी माणसं प्रवाशांना खांद्यावर घेऊन जायची. मावशीचा बाप हे काम करायचा. एकदा एक कारकून त्याच्या खांद्यावरून दरडावत होता, "नीट धर, मी सरकारी माणूस आहे." तो म्हणाला, "मना ठावं हाय, सायेब. चिखलाला ठावं न्हाय." आणि दोघेही बसले चिखलात. ही गोष्ट सांगताना मावशीला हसू आवरायचं नाही. पन्नासदा ऐकूनही बाबा तितकंच हसायचे.

लाँच सुटली की मागे केर राहायचा. विड्यांची थोटकं, केळीच्या साली, भाताचं तूस, शेंगांची टरफलं. आजी त्याला हात लावायची नाही. बाबांना ती धक्क्याच्या टोकाला उभं करायची. समोर खाडीच्या तोंडापाशी डोंगराचं एक टोक समुद्रात शिरलेलं आहे, त्यावर दीपस्तंभ आहे. लाँच त्या टोकाला वळसा घालून दिसेनाशी झाली, की तिची मोठी वाट सुरू झाली असं मानायचे. आता ती समुद्राची, आपली नव्हे. ती वळली की बाबा सगळा जीव एकवटून ओरडायचे, "वळलीऽऽ!" मगच आजी वाकायची.

आणि फक्त आजीच नव्हे. ज्यांच्या घरचं कुणी त्या लाँचमध्ये असे त्या बायकाही त्या हाकेसाठी थांबलेल्या असायच्या. टपाल यायला आठवडे लागायचे, तितके दिवस केर कोण ठेवणार? म्हणून बंदरापुरतं हेच पोचणं मानलं होतं. मावशी सांगायची, "तुजा बापूस वरडला की आमच्या आळीतल्या साऱ्या केरसुन्या एकदम चालू. जसा काय बँडच."

पावसाळ्यात लाँच बंद असायची. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू व्हायची.

एका वर्षी मोसमातली शेवटची लाँच आभाळ भरून आलेलं असताना सुटली. बाबा नेहमीसारखे धक्क्यावर. लाँच निम्म्या वाटेवर गेली असेल आणि समुद्रावरून पावसाचा पडदा सरकत आला. टोक दिसेना, दीपस्तंभ दिसेना, लाँच दिसेना. बाबा भिजत उभे राहिले. त्यांना नुसतं ओरडून टाकता आलं असतं, कुणाला काय कळणार होतं? पण वळताना दिसली नाही, म्हणून ते ओरडले नाहीत. आजी केरसुणी घेऊन दारात उभी होती. शेवटी तिनं केरसुणी कोपऱ्यात टेकवली, बाबांना आत घेतलं आणि पदरानं त्यांचं डोकं पुसलं. म्हणाली, "राहू दे. पौर्णिमेनंतर पहिली लाँच वळेल तेव्हा दोन्ही केर एकदम काढू."

ती लाँच सुखरूप पोचली. तसा निरोपही आला. पण पौर्णिमा झाली, माणसं बोचकी घेऊन आली, धर्मशाळेत बसली, भरत्या बघत राहिली आणि कंटाळून परत गेली. लाँच आली नाही. कुणी म्हणालं, कंपनीला परवडत नाही. कुणी म्हणालं, पूल झालाय, आता एसटी थेट मुंबईला जाणार. बंद झाली असं सांगायला कुणी आलं नाही. ती नुसती आली नाही.

पुढे त्या धर्मशाळेत रेशनचं धान्य ठेवलं, काही वर्षं बालवाडी भरली, नंतर जाळी आणि मोडकी इंजिनं जमा झाली. मधल्या काळात कितीतरी जणांनी ती झाडली. आजीच्या हिशेबात ते धरलेलं नव्हतं. एखाद्याचा नवस फेडायचा राहतो तसं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली, "त्या लाँचचा केर राहिलाय." ती गेल्यावर बाबा म्हणू लागले. आईनं त्याची म्हण करून टाकली. मी जेवणाचं ताट तसंच ठेवलं की ती म्हणायची, "ऊठ. हा काय लाँचचा केर आहे, राहू द्यायला?"

बाबा एसटी स्टँडवर कंट्रोलर झाले. भोंग्यातून गाड्या पुकारणं हे त्यांचं काम. भोंगा बिघडला तरी कुणाची गाडी चुकत नसे, असा त्यांचा आवाज. त्यांना माझ्यासारखी मुलगी झाली. मला दुकानात साबण मागायचा तरी घशात अडकायचा. सुट्टीला घरी आले की चार माणसांत ते मला काहीतरी विचारायचे, आणि मी उत्तर दिलं की म्हणायचे, "ऐकू येईल असं बोल." रागानं नाही. गाडी पुकारतात तसं.

मागच्या वर्षी मी वाशीची खोली सोडली आणि घरून काम करू लागले. बाबा निवृत्त झालेले होते. चालताना त्यांना धाप लागायला लागली होती. माणगावच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बिघडलीय म्हणून सांगितलं आणि मुंबईला जायला सांगितलं. त्याच सुमारास धर्मशाळेच्या दारावर नोटीस लागली. धोकादायक इमारत. ती पाडून तिथे नव्या जेटीसाठी प्रवाशांची शेड होणार होती.

बाबांची त्याला हरकत नव्हती, हे मला अजून नवल वाटतं. मी वाट बघत होते की ते चिडतील, अर्ज करतील, मला इंग्रजीत काहीतरी लिहायला सांगतील. ते म्हणाले, "कुणाच्या डोक्यात कौल पडण्यापेक्षा पाडलेली बरी. प्रवाशांसाठी बांधली, प्रवाशांसाठीच पाडतायत. ठीक आहे." त्यांना एवढंच हवं होतं, की पाडायच्या आधी एकदा आत जायचं आणि तो केर काढायचा. आजीचा राहिलेला.

"आणि धुळीचं काय?" आई म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?"

"नाकाला फडकं बांधीन."

"मग लाँच कुठून आणणार वळायला?"

"ती वळलीय गं. माणसं पोचली. आपण बघितली नाही एवढंच." मग म्हणाले, "इतक्या वर्षांनी आता न बघता काढला तरी आई काही म्हणणार नाही."

चावी नगरपंचायतीत होती. बाबा रोज सकाळी तिथे जाऊन बसायचे. तिथला माणूस चांगला होता. तो म्हणायचा, "काका, आत लोकांचा माल आहे. तो हलला की चावी तुमची. मग झाडा, सारवा, रांगोळी काढा." पुढच्या आठवड्यात हलेल, असं दर आठवड्याला. आणि बाबा मुंबईला जायचं पुढे ढकलत राहिले. आई एकदा माझ्यापाशी रडली. "एका केरापायी हा माणूस जाईल," म्हणाली. मी बाबांशी बोलायचं ठरवलं. त्यांच्यासमोर जाऊन बसले, आणि ते पेपर वाचत राहिले, आणि मी उठून आले.

मग एका सकाळी त्यांना आमच्या अंगणाची पायरी चढता येईना.

रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवर झोपूनही ते ड्रायव्हरला म्हणाले, "पाण्यातून ने रे बाबा, खड्ड्यांतून नको. मांडव्याला रो-रो बोट आहे ना?"

"तेवढ्या वेळात पनवेल येईल, काका."

"येईल म्हणतो! हायवे पुरा झाला की काय?"

आई आत त्यांच्याजवळ बसली. दवाखान्यात एकालाच राहू देणार होते, आणि घरी कुणीतरी हवं होतं. दार लावायच्या आधी बाबांनी मला जवळ बोलावलं. "मी येईपर्यंत धर्मशाळेकडे बघ. आणि तो केर मी काढणार. तू हात लावू नको."

"हो."

"ऐकू येईल असं बोल."

"हो, बाबा."

त्या दिवशी मी घरात केर काढला नाही. अंगणातली आंब्याची पानं वाऱ्यानं ओटीवर आली, ती तशीच राहू दिली. दिवेलागणीला आईचा फोन आला. तिच्या मागून त्यांचा आवाज आला, दमलेला पण स्वच्छ. "पोचलो म्हणावं. काढ."

ऑपरेशनच्या आधी बऱ्याच तपासण्या होत्या. दिवस जात होते. इकडे धर्मशाळेतला माल एकदम हलायला लागला, कारण पावसाच्या आत काम उरकायचं होतं. मी रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन येत असे. एका दुपारी पाहिलं तर पिवळं यंत्र येऊन उभं होतं आणि दोन माणसं ओसरीच्या खांबांना खडूनं खुणा करत होती. कंत्राटदार मोटारसायकलवर बसून फोनवर बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत मी थांबले. दुसरा फोन आला, तोही संपेपर्यंत थांबले.

"बोला मॅडम. कौलं पाहिजेत का? कौलं गेली."

"नाही. थोडे दिवस थांबता येईल का?"

"काय?"

मी पुन्हा सांगितलं. बाबा इथे जन्मले, मुंबईला दवाखान्यात आहेत, त्यांना यायचंय. केराचं सांगितलं नाही. मला ते त्याच्यापुढे सांगता आलं नाही.

त्यानं नीट ऐकून घेतलं. "कंट्रोलर काका ना? अहो, त्यांनी मला लहानपणी दोनदा चुकीच्या गाडीतून उतरवलंय. देवमाणूस." मग त्यानं आभाळाकडे पाहिलं. "पण मॅडम, मशीनचं भाडं चालू आहे. आणि हे खांब अलिबागच्या एका पार्टीनं घेतलेत, फार्महाऊसला. त्यांचा टेम्पो परवा येतोय. मी काय करू सांगा? आज आत मोकळं आहे. संध्याकाळपर्यंत काय फोटोबिटो काढायचे ते काढा. उद्या सकाळी सुरू."

मी घरी आले. केरसुणी घेतली आणि परत गेले. मावशी टोपली घेऊन बाजारातून येत होती. तिनं माझ्या हातात पाहिलं आणि माझ्याबरोबर चालू लागली.

आत मी पहिल्यांदाच जात होते. कौलं काढलेली असल्यामुळे भरपूर उजेड होता. मला वाटलं होतं तेवढ्या त्या खोल्या मोठ्या नव्हत्या. भिंतीला डोक्याच्या उंचीवर तेलकट काळसर पट्टा होता, माणसं टेकून बसायची तिथे. बायकांच्या खोलीत तो पट्टा जरा खाली होता. जमिनीवर जाळ्यांचे तुकडे, शंखांचा चुरा, उंदरांच्या लेंड्या, बालवाडीच्या पाटीचा एक कोपरा. त्या लाँचच्या केरातलं त्यात काही असणं शक्य नव्हतं. हे मला माहीत होतं आणि बाबांनाही माहीत असणार.

मी आईला फोन लावला. बाबांना विचारणार होते, मी काढू का? तुम्ही फोन धरून ठेवा, मी आवाज ऐकवते.

आई म्हणाली, "आत नेलंय गं. आत्ताच. उद्याचं होतं ते आजच घेतलं." तिचा आवाज ऐकून मी फोन ठेवला.

मावशी पायरीवर बसली होती. "झाड ना गो," ती म्हणाली. "त्याच्या नावानं झाड. न्हाय तर मी झाडू?"

"बाबांनी हात लावू नको सांगितलंय."

"त्याला काय ठावं हाय का उद्या पाडतायत?"

"नाही."

आम्ही दोघी बराच वेळ तिथे बसलो. समोर टोक अगदी स्वच्छ दिसत होतं. एक मासेमारी होडी त्या बाजूला चालली होती. मावशीनं डोळ्यांवर हात धरून ती वळेपर्यंत पाहिली आणि मग टोपली उचलली. मी केरसुणी तशीच घेऊन घरी आले. चूक केली की बरोबर, हे मला ठरवता येत नाही. परवानगी आली नव्हती एवढंच.

सकाळी यंत्राचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. दुपारच्या जेवणाच्या सुमारास तो थांबला. एवढ्यात झालं? मी गेले तर खांब एका बाजूला ओळीनं निजवलेले होते आणि दारावरचा दगड अक्षरं खाली करून विहिरीपाशी पडला होता. विहिरीत राडारोडा टाकला होता.

ऑपरेशन झालं. चौथ्या की पाचव्या दिवशी आईनं फोन त्यांच्या कानाशी धरला.

"कशी आहे ती?" बाबांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. आईनं तसं आदल्या दिवशी सुचवलंही होतं. "पाडली, बाबा," मी म्हटलं.

बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "कौलं कुणी नेली?"

"माहीत नाही. खांब अलिबागला गेले."

"पाण्यातून?"

"टेम्पोतून."

ते हसले असावेत. "आणि केर? तू काढलास?"

"नाही. तुम्ही नको म्हणाला होतात."

"हां." "बरं केलंस. न बघता काढायचं मलाच जिवावर आलं होतं. आता वर गेलो की आई पहिलं तेच विचारणार." मागून आई ओरडली, "काहीतरी अभद्र बोलू नका हो!" आणि फोन बंद झाला.

ते आमचं शेवटचं बोलणं. दोन दिवसांनी ताप आला. तो फुप्फुसात उतरला. आईनं मला बोलावून घेतलं, पण मी पनवेलपाशी गाडीत असतानाच तिचा फोन आला. ती काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

त्यांना आम्ही रस्त्यानंच घरी आणलं. ड्रायव्हर तोच होता. खड्डा आला की तो गाडी इतकी हळू करायचा, की मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या.

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. स्मशान बंदराच्या पलीकडे, खाडीच्या काठाला आहे. आमच्या ओटीवरून बंदराची वाट सरळ दिसते, कस्टमच्या चौकीपर्यंत. तिथे ती वळते. मधे धर्मशाळा असायची तेव्हा ते वळण दिसत नसे. आता दिसत होतं.

त्यांना उचललं. स्टँडवरचे झाडून सगळे आले होते, कंत्राटदारही आला होता, पुढे होऊन त्यानं खांदा दिला. माणसं अंगणातून बाहेर पडली तशी एक म्हातारी नातेवाईक म्हणाली, "चला, केर काढा आता. लगेच काढायचा असतो." गेलेलं माणूस बाहेर पडलं की घर झाडतात, धुतात, ते मलाही माहीत होतं. मावशीनं केरसुणी उचलली.

आई भिंतीला टेकून बसली होती. "थांब," ती म्हणाली.

"अगं, थांबून कसं चालेल?" म्हातारी म्हणाली. "ते वाटेला लागलेल्या माणसासाठी असतं. मेलेल्यासाठी नसतं ते."

"वळू देत," आई म्हणाली. आयुष्यभर जिनं त्या केराची म्हण करून बाबांना चिडवलं, ती. "वळल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

मावशी केरसुणी हातात धरून उभी राहिली. आईला बसल्या जागेवरून बाहेरचं दिसत नव्हतं. मी उठले आणि ओटीच्या कडेला जाऊन उभी राहिले. उन्हात पांढऱ्या टोप्या आणि कपडे हळूहळू लहान होत होते. मोकळ्या जागेवरून ते गेले. तिथे लोखंडी खांब आले होते, शेडचे. माणसं चौकीपाशी पोचली. पुढची चार माणसं वळली, मग फुलं, मग मागची माणसं एकेक करून. शेवटचा माणूस बराच मागे राहिला होता. बहुतेक त्याची चप्पल तुटली होती. तो वाकला, सरळ झाला, आणि तोही दिसेनासा झाला.

"वळले," मी म्हटलं.

"काय?" आतून आईनं विचारलं. "काय म्हणालीस?"

मी बंदराकडेच तोंड करून होते. "वळलेऽऽ!"

शेजारच्या ओट्यावरच्या बायकांनी माना वर केल्या. माझ्या मागे केरसुणीचा आवाज सुरू झाला. मी वळून पाहिलं तर मावशी बाजूला उभी होती आणि आई वाकून झाडत होती, तांदळाचे दाणे, फुलांच्या पाकळ्या, दवाखान्याच्या पट्टीचा एक तुकडा.